काळीचे कागद आणि पांढरीच्या भिंती

तुमच्या गावाकडच्या घराचं वय किती?

हा प्रश्न मी होस्टेलमध्ये दहा जणींना विचारला. उत्तरं अशी आली : "खूप जुनं आहे", "शंभर वर्षं तर नक्की", "आजोबांच्या आजोबांनी बांधलं". एकीने सरळ सांगितलं, "माहीत नाही गं, आधी मेसला चल, भाजी संपते." मग त्याच दहा जणींना शेताबद्दल विचारलं. सर्व्हे नंबर, किती एकर, कोणाच्या वाट्याला किती आलं, धुरा कोणी कोरला, सगळं तोंडपाठ! ज्या घरात आपण जन्मलो, त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही आणि शेताचा मात्र पणजोबांपासून ठाऊक. असं का?

मला हा प्रश्न पडायला कारण घडलं. सेवाग्रामपासून तासाभरावर आमचं गाव आहे. बाबा नोकरीनिमित्त नागपूरला, त्यामुळे मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि गाव म्हणजे दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या. गेल्या वर्षी गावात घराघरांच्या हद्दींवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडल्या. ड्रोनने गावठाणाची मोजणी होणार होती. चुना टाकणारा माणूस आमच्या घराशी आला आणि विचारता झाला, "ही मधली भिंत कोणाची?" आमच्याकडचे म्हणाले आमची, पलीकडचे चुलत काका म्हणाले त्यांची. आजी म्हणाली, "दोघायची." तिचं कोणी ऐकलं नाही. मी सिव्हिलची विद्यार्थिनी, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं! त्यानंतरचे सहा महिने मी जे शोधलं, ते कसं शोधायचं हे या लेखात सांगते. तुमच्या घरालाही ते लागू पडेल.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात. कसायची जमीन ती 'काळी' आणि राहायची जागा ती 'पांढरी'. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती मिसळून वस्तीची जमीन पांढुरकी होते, म्हणून पांढरी. जुन्या कागदांत हे दोन्ही शब्द सर्रास येतात.

सरकारला पैसा मिळायचा काळीतून. म्हणून काळी मोजली, लिहिली, नकाशावर आणली. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५३-५४ मध्ये खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६२ मध्ये वर्धा हा नागपुरातून काढलेला स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच दशकात इथला पहिला मोठा जमीन बंदोबस्त झाला. शेताशेताला नंबर पडला आणि गावाचा सारा भरणारे मालगुजार गावाचे मालक ठरले. पुढे पुन्हा पुन्हा बंदोबस्त झाले आणि दर वेळी शेताच्या नोंदी नव्याने लिहिल्या गेल्या.

पांढरीचं काय? अख्ख्या आबादीला नकाशावर एक ठिपका. आत कोणाचं घर कुठे, किती फूट, हे महसुलाच्या दृष्टीने बिनकामाचं. कुळांना आणि गावकामगारांना घरापुरती जागा बिनभाड्याने मिळण्याची रीत होती. जिथे भाडं नाही, सारा नाही, तिथे कागद कशाला होईल? ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. घरं ज्याची त्याच्याकडे राहिली, पण कागद तेव्हाही झाला नाही. म्हणून शेताला सातबारा असतो आणि गावठाणातल्या घराला नसतो.

आता ही कसर एका झपाट्यात भरून निघते आहे. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. महाराष्ट्रात त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला होता. चुन्याने हद्दी आखायच्या, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनने वरून फोटो घ्यायचे, नकाशा करायचा, मग भूमी अभिलेख खात्याने घरोघरची चौकशी करायची आणि मिळकत पत्रिका द्यायची. म्हणजे दीडशे वर्षं जे लिहिलं गेलं नाही ते आता एकदाच लिहिलं जाणार. चौकशीच्या दिवशी जे नाव सांगाल ते पुढच्या पिढ्यांना सापडेल. घराचा इतिहास शोधायचा तर तो त्या दिवसाच्या आधी!

कागद कुठे मिळतात?

पहिली पायरी तुमच्या कपाटातच आहे. जात पडताळणीची फाईल! आपल्यापैकी निम्म्या मुलामुलींनी बारावीनंतर त्या फाईलसाठी तहसीलच्या चकरा मारल्या आहेत. अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यासाठी आणलेले कागद आपण प्रवेश झाल्यावर विसरून जातो. तेच पुन्हा उघडा, या वेळी घर शोधायला.

त्यात बहुधा तीन गोष्टी सापडतात. एक, कोतवाल बुकाची नक्कल. गावचा कोतवाल जन्ममृत्यू सांगायचा, त्याची ही नोंद. दोन, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. तीन, जुने महसुली उतारे. आमच्याकडे, म्हणजे नागपूर विभागात, १९५४-५५ चा 'अधिकार अभिलेख' फार उपयोगी पडतो, कारण मालगुजारी गेल्यानंतर कोणाच्या हाती काय राहिलं ते त्यात दिसतं.

शेताच्या उताऱ्यात घर नसतं हे खरं, पण घरातली माणसं असतात. त्यासाठी फेरफार वाचायचे. सातबाऱ्यावर छोट्या वर्तुळांत जे आकडे असतात ते फेरफारांचे नंबर. तो नंबर घेऊन नोंद काढली की कळतं, अमुक साली अमुक मयत, वारस हे हे, किंवा भावाभावांत वाटणी. शेत वाटलं गेलं त्या सुमारास घरही वाटलं गेलं असण्याचा संभव मोठा. काळीचा कागद असा पांढरीची वाट दाखवतो.

खुद्द घराचा म्हणाल तर एकच नेहमीचा कागद, ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरटॅक्सची आकारणी. इथे एक गफलत टाळा. पटवाऱ्याकडचा (त्याचं कागदावरचं पदनाम काहीही असो, गावात तो पटवारीच) 'आठ-अ' हा शेतीच्या खात्याचा उतारा आहे आणि ग्रामपंचायतीचा 'नमुना आठ' घराचा. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळे कागद. शिवाय टॅक्सच्या नोंदीत नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं कायदा मानत नाही. ती नोंद म्हणजे टॅक्स कोण भरत होतं याचा पुरावा. पण इतिहास शोधणाऱ्याला तेवढंही पुष्कळ असतं. जुन्या वह्या मागा. आमच्या ग्रामपंचायतीतल्या एका भल्या माणसाने गोदरेजच्या कपाटावरून गठ्ठा काढून दिला आणि वर चहाही पाजला.

खरेदीखत शोधायचं तर दुय्यम निबंधक कार्यालय. पण लक्षात घ्या, १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखताची सक्तीची नोंदणी शंभर रुपये आणि त्यावरच्या मिळकतीची. त्याखालचा सौदा नुसता ताबा देऊनही होत असे. त्या काळी मातीच्या एका खोलीची किंमत किती असणार? म्हणून गरिबाच्या घराचं खरेदीखत बहुधा सापडत नाही. ते नाही म्हणजे घर त्याचं नव्हतं, असा अर्थ मात्र काढू नका.

आणि गावाची जुनी नावंही शोधा. आपलं सेवाग्रामच घ्या. याचं नाव शेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी घोळ होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये 'सेवाग्राम' झालं. वर्धा शहर वसलं ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी, १८६६ मध्ये. तुम्ही नव्या नावाने जुना कागद मागितलात तर कारकून "नाही" म्हणेल आणि ते खोटं नसेल! तसंच १८६२ च्या आधीचा कागद नागपूर जिल्ह्यात शोधायचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वर्धा मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे त्या आधीच्या छापील फॉर्मवर महाराष्ट्र दिसणार नाही. फार जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, शिवाय राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो.

भिंत वाचायची कशी?

कागद संपले की भिंतीकडे वळायचं. इथे आपण इंजिनिअरिंगवाले उपयोगी पडतो.

प्रथम माती. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. अशा मातीची भिंत टिकत नाही. म्हणून जुने लोक घरासाठी माती पांढरीतूनच काढत. मी सॉइल लॅबमध्ये दोन्ही मातींची फ्री स्वेल चाचणी केली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली दहा ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात केरोसिनमध्ये, चोवीस तास. केरोसिनमध्ये माती फुगत नाही, म्हणून फरक कळतो. शेताची माती टम्म फुगली, भिंतीची जेमतेम. पणजोबांनी लॅब पाहिली नव्हती, पण कुठली माती घ्यायची ते त्यांना चोख ठाऊक होतं.

दुसरं, सांधे. दोन भिंती एकाच वेळी बांधल्या असतील तर कोपऱ्यात त्यांचे थर एकमेकांत गुंफलेले असतात. नंतर बांधलेली भिंत जुनीला नुसती टेकलेली असते, मध्ये उभी सरळ भेग दिसते. या एका खुणेवरून घराच्या खोल्यांचा क्रम लागतो. मग जोतं बघा. मूळ भिंतीखाली दगडी जोतं असेल, नंतरची भिंत फरशीवरच उभी असेल.

तिसरं, लाकूड. तुळईवर (आजीच्या भाषेत मयाल) रिकाम्या खाचा दिसल्या, ज्यात काहीच बसवलेलं नाही, तर ते लाकूड आधी दुसऱ्या घरात होतं. सागवान कोणी टाकून देत नसे. म्हणून "लाकूड दीडशे वर्षांचं" यावरून "घर दीडशे वर्षांचं" असं ठरत नाही.

चौथं, शिक्के. इंग्रजी कवेलू उलटं करून पाहा, कारखान्याचं नाव मिळेल. मंगळूरला बासेल मिशनचा कवेलूंचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ मध्ये. म्हणजे आपल्या भागातलं असलं कवेलू त्याआधीचं असू शकत नाही. लोखंडी गर्डरवर टाटांचं नाव असेल तर १९१२ च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघू लागलं ते त्या साली. पण शिक्का फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतो. 'याच साली' असं सांगत नाही. कवेलू परवाही बदललेले असू शकतात.

हे सगळं एकत्र पाहायचं तर आश्रमात जा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. गावच्या जमिनीचा मोठा हिस्सा जमनालाल बजाज यांच्याकडे होता. घर गावातल्या साहित्याने, गावच्या कारागिरांकडून, शंभर रुपयांच्या आत व्हावं अशी गांधीजींची अट होती असं सांगतात. पहिलं घर ते आदि निवास. आपण जिला बापू कुटी म्हणून ओळखतो, ती मुळात मीराबेनची झोपडी! पुढे तिच्यात फेरबदल करून गांधीजी तिथे राहायला गेले. भिंतीवर मातीत उठवलेली खजुराची झाडं आणि चरखा हे मीराबेनचं काम. म्हणजे देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध मातीच्या घराचाही पहिला रहिवासी दुसराच आहे आणि ते तिच्या हातच्या खुणांवरून आजही दिसतं. १९७८ मध्ये इव्हान इलिच नावाचा विचारवंत इथे आला आणि या कुटीत बसून त्याला काय जाणवलं यावर त्याने भाषण दिलं. तो म्हणे खूप वेळ नुसता बसला होता. आपण फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर पडतो!

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मातीचं घर टिकतं ते सारवल्यामुळे. दरवर्षी नवा हात फिरतो. त्यामुळे वरच्या थरावरून मातीच्या घराचं वय काढता येत नाही. वय शोधायचं ते आराखड्यात, सांध्यांत, लाकडात.

माणसं, आणि 'वगैरे'

तिसरा पुरावा जितीजागती माणसं. त्यांना "कोणत्या साली?" असं विचारू नका. आजी हसते आणि म्हणते, "मले काय मालूम बापा." घटना धरून विचारा. मालगुजारी गेली त्याआधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळाआधी? तेव्हा कोण पोटात होतं, कोण पाळण्यात? मुलांच्या जन्मावरून बायकांच्या आठवणी अगदी पक्क्या निघतात, आणि मुलाचा जन्म शाळेच्या रजिस्टरात असतो. झाली की तारीख! (कॉन्व्हेंटवाल्यांना एक सल्ला : ऐकलेलं साल लगेच आकड्यात लिहून दाखवा. एकोणसत्तर म्हणजे ६९, ७९ नव्हे. मला अजूनही बोटं मोडावी लागतात.)

आता आमच्या भिंतीचं सांगते. शेताच्या फेरफारात १९६८ ची वाटणी सापडली, आजोबा आणि त्यांचे मोठे भाऊ यांच्यातली. भिंत पाहिली तर घराच्या बाकी भिंती दोन फूट जाडीच्या मातीच्या, ही मात्र भट्टीच्या विटांची, गाऱ्यात रचलेली, नऊ इंची. दोन्ही टोकांना नुसती टेकलेली, खाली जोतं नाही. वरची मयाल मात्र अखंड, आमच्या माजघरातून थेट त्यांच्या माजघरात गेलेली. म्हणजे घर एक होतं आणि भिंत नंतर आली. मग आजीजवळ बसले. ती म्हणाली, "तुहा मोठा काका पोटात होता तवा हे भित उठली. गारा म्या वाह्यला, अन् विटा तिकडच्या मोठ्या बाईनं." मोठ्या काकांची शाळेतली जन्मतारीख १९६९ ची. कागद, भिंत आणि आजी, तिघांचं उत्तर एकच आलं. दोन्ही घरांनी मिळून बांधलेली भिंत, दोघांची.

मी हे चुलत काकांना मयालीखाली उभं करून दाखवलं. त्यांनी वर पाहिलं, मग त्यांच्या बाजूने जाऊन पाहिलं. चौकशीच्या दिवशी दोन्ही घरांनी 'सामाईक भिंत' असंच सांगितलं.

पण या शोधात मला दुसरंच काही खुपत राहिलं. ग्रामपंचायतीच्या सगळ्यात जुन्या वहीत आमच्या घरापुढे लिहिलंय पणजोबांचं नाव आणि पुढे 'वगैरे'. पुढच्या वहीत मोठ्या आजोबांचं नाव, 'वगैरे'. कोतवाल बुकात आत्याआजीच्या जन्माची नोंद आहे ती 'मुलगी' एवढीच, नाव नाही. लग्नानंतर ती कुठल्याच कागदात येत नाही. आणि आजी? पंचावन्न वर्षांहून जास्त काळ तिने हे घर सारवलं, भिंतीचा गारा वाहिला, पण एकाही कागदावर ती नाही. ती 'वगैरे'त आहे.

कायदा असा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून पत्नी आणि मुली वारसांत मुलांच्या बरोबरीने येतात. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. पण नोंद करणारा माणूस ओसरीवर येऊन विचारतो, तेव्हा उत्तर द्यायला पुढे कोण असतं आणि चहा करायला आत कोण असतं, यावर पुष्कळ ठरतं. चौकशीच्या आदल्या रात्री मी हा विषय काढला तेव्हा घरात जरा वेळ कोणी बोललं नाही. "आत्यांना बोलवायचं म्हणजे उगाच..." असं एक वाक्य अर्ध्यावर आलं आणि राहिलं. मग मोठे काकाच म्हणाले, "लिही. आईचं पहिलं लिही." आजोबांच्या वारसांत आजी, बाबा, काका आणि दोन्ही आत्या अशी पाच नावं मी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. 'वगैरे' लिहिलं नाही. मिळकत पत्रिका अजून हातात यायची आहे. आली की पहिल्यांदा नावं मोजणार आहे.

तुमच्या गावात ड्रोन येऊन गेला असेल तर नोंद काय झाली ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. यायचा असेल तर पुढच्या सुट्टीत एक दोनशे पानी वही, मोजपट्टी आणि जात पडताळणीची फाईल घेऊन घरी जा. आधी घराचा आराखडा काढा, सांधे बघा, खाचा बघा. मग आजीजवळ बसा. नंतर कार्यालयात. हा क्रम उलटा करू नका, कारण कार्यालयातला गठ्ठा पुढच्या वर्षीही तिथेच असतो. आणि आजीला विचारताना तिचं माहेरचं नावही विचारून घ्या. मी विचारलं तेव्हा तिने दोनदा सांगितलं, आणि वहीत बरोबर लिहिलंय ना ते वाचून दाखवायला लावलं.